पांढऱ्या मूर्ती, काळवंडलेले काका
विचारा फोटोवाल्या ताईला : वाचकांचे प्रश्न

सबमिशनचा सीझन आला हे मला कॅलेंडर न बघता कळतं, कारण विषयाच्या जागी नुसतं "ताई अर्जंट" असं लिहिलेली पत्रं यायला लागतात. यावेळी त्यातलं एक पत्र मी दोनदा वाचलं आणि मग घरच्यांनाही वाचून दाखवलं, त्यामुळे आजची बरीचशी जागा त्यालाच जाणार आहे. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचेही काही प्रश्न शेवटी घेतलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी पेणजवळच्या गावात राहते, मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज पनवेलला अप-डाऊन करते. या सेमला फोटोग्राफीचं जर्नल द्यायचंय, बारा पोर्ट्रेट काढायचीत, प्रत्येकात कॅमेऱ्याचं एक टेक्निक दिसलं पाहिजे आणि खाली अर्धं पान लिहायचं. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने आहेत म्हणून मी ठरवलं की बाराही फोटो शेजारच्या काकांच्या कारखान्यातल्या लोकांचेच काढायचे. मामाचा कॅनन १५००डी आणलाय, सोबत १८-५५ आणि एक ५० एमएम १.८ लेन्स आहे. चारशेच्या वर फोटो काढून झाले आणि आता रडकुंडीला आलेय. कारखाना भरून पांढऱ्या मूर्ती, भिंती पांढऱ्या, लाइट भरपूर, तरी काकांचा चेहरा काळाच येतो. ट्यूबखाली सलग तीन फोटो काढले तर एक पिवळट, एक हिरवट, तिसऱ्यात खाली काळा पट्टा. ५० एमएमने १.८ ला काढलं की कान शार्प आणि डोळे गायब. सरांनी बारातले सात फोटो रिजेक्ट केले, म्हणाले बॅकग्राउंड ब्लर नाही तर पोर्ट्रेट कसलं. एक फोटो रेम्ब्रां लाइटिंगचा हवाच म्हणतात, आता कारखान्यात रेम्ब्रां कुठून आणू? आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम, काका एरवी इतक्या गप्पा मारतात पण कॅमेरा वर केला की आधार कार्डच्या फोटोला बसल्यासारखे ताठ होतात. कारखान्यातली पोरं तर मला बघितलं की "आली फोटोवाली" म्हणून हसतात. काय करू?

उत्तर : अगं, आधी एक सांगते, विषय तू फार भारी निवडलायस. वर्गातली बाकीची पोरं बागेत मैत्रिणीला झाडाखाली उभी करून बारा फोटो उरकत असतील आणि तू ट्यूबलाइट, पांढरी धूळ आणि कंप्रेसरच्या फवाऱ्यात शिरलीस. तुझे फोटो बिघडले यात तुझा दोष कमी आहे, जागाच अवघड आहे. आणि अवघड जागेत बिघडलेले फोटो जर्नलसाठी सोनं असतात, ते कसं ते नंतर सांगते.

काळ्या चेहऱ्याचं बघू. कॅमेऱ्यातल्या मीटरला काका कळत नाहीत की बाप्पा कळत नाही, समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी असणार असं तो धरून चालतो, यालाच पुस्तकात अठरा टक्के ग्रे म्हणतात. आता तुझ्या फ्रेममध्ये साठ-सत्तर कच्च्या पांढऱ्या मूर्ती, मीटरला वाटतं बापरे किती हा उजेड, आणि तो एक्स्पोजर कमी करून टाकतो. मूर्ती राखाडी होतात आणि मध्ये बसलेले सावळे काका कोळसा होतात. आषाढीत वारकऱ्यांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येक नवशिक्याचं हेच होतं, पांढरी टोपी पांढरा सदरा आणि मध्ये चेहरा गुल. सोपा उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या अंदाजापेक्षा मुद्दाम दिलेला जादा उजेड, अधिक एक किंवा थोडं जास्त ठेवणं. पण तू जर्नल करतेयस तर मॅन्युअल मोडमध्ये जा आणि तळहाताची युक्ती कर. काकांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतोय त्याच उजेडात स्वतःचा तळहात धर, फ्रेम तळहाताने भरून टाक, फोकस नाही झाला तरी चालेल, आणि मीटरचा काटा अधिक एकवर येईल असं शटर आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) सेट कर. माणूस गोरा असो की काळा, तळहात बहुतेकांचा त्या मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, उजळच असतो म्हणून हे जमतं. मग ते आकडे हलवू नकोस, मागे मूर्ती असोत नाहीतर काळं ताडपत्रीचं छप्पर असो, काका काकांसारखेच येतील. मागच्या एखाद-दोन मूर्ती जास्त पांढऱ्या होऊन फुटतील, फुटू देत. आणि फोटो रॉ मध्ये काढ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, नंतर उजेड-रंग जास्त सुधारता येतात), जेपेगवर अडून बसू नकोस.

ट्यूबचं गणित तर एकदम मजेशीर आहे आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास विचारतील असं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होत असते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही पण तू जर १/४०० सेकंदाला फोटो काढत असशील (आणि तू काढत असणार, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की शटर फास्ट ठेव) तर कधी ट्यूबच्या तेज क्षणी शटर उघडतं कधी मंद क्षणी, आणि शटरचा पडदा सरकत असताना उजेड बदलला की तो पट्टा पडतो. म्हणून ट्यूबखाली शटर १/१०० किंवा १/५० एवढंच. मग एक तरी पूर्ण चढउतार फ्रेममध्ये बसतो आणि सगळे फोटो सारखे येतात. एफ २.८ (एफ म्हणजे अॅपर्चर, लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं), १/१००, आयएसओ १६०० इथून सुरू कर, कारखान्यात साधारण जमून जाईल. ग्रेन म्हणजे दाणेदारपणा आला तर येऊ दे, ग्रेन बघून कुणी मार्क कापत नाही, हललेला फोटो बघून कापतात.

हिरवट रंगाचं कारण वेगळं आहे, दारातून दिवसाचा उजेड येतोय आणि वर ट्यूब, दोघांचे रंग वेगळे, कॅमेरा बिचारा कुणाचं ऐकणार. एक तर काकांना विचारून दाराजवळची ट्यूब दहा मिनिटं बंद कर. किंवा कस्टम व्हाइट बॅलन्स कर, म्हणजे या उजेडात पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला दाखव, आणि त्यासाठी तुला ग्रे कार्ड विकत आणायची पण गरज नाही, कच्ची पांढरी पीओपीची मूर्ती समोर आहेच की! काका बसतील त्या जागी ती मूर्ती ठेवून फ्रेमभर फोटो घे आणि मेन्यूत तोच फोटो व्हाइट बॅलन्सला निवड. शाडूची घेऊ नकोस, ती मातकट राखाडी असते, तिच्यावर बेतलेला रंग थोडा निळा झुकेल.

आता डोळे गायब. ५० एमएम, एफ १.८, आणि तू एक मीटरवर उभी, तर शार्प दिसणारी पट्टी असते जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरची. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत अंतर त्याच्या चौपट. म्हणजे काकांनी नुसता श्वास सोडला तरी डोळा पट्टीतून बाहेर. त्यात तुझा कॅमेरा नऊ पॉइंटमधला वाटेल तो पॉइंट स्वतःच निवडत असणार, ते आधी बंद कर, एकच पॉइंट ठेव, मधला सगळ्यात भरवशाचा आहे, तो जवळच्या डोळ्यावर ठेव. आणि एफ २.८ किंवा ४ वर ये. दीड मीटरवरून २.८ ला नऊ-दहा सेंटीमीटर मिळतात, तेवढ्यात चेहरा बसतो.

आणि १.८ चा हव्यास कशाला ते पण विचार स्वतःला. सरांसाठी ना? तर सरांविषयी. मी सरांची बाजू थोडी घेणार आहे आणि थोडी नाही. तू पाठवलेल्या सात फोटोंपैकी दोन खरंच रिजेक्टच करण्यासारखे आहेत, एकात काकांच्या डोक्यातून ट्यूबलाइट उगवलीय आणि दुसऱ्यात कानामागून गणपतीचा हात बाहेर आलाय, तिथे एक पाऊल डावीकडे सरकली असतीस तर काम झालं असतं. हा पसारा. पण बाकीच्या पाचांत मागे जे दिसतंय ते पसारा नाहीये. साच्यातून काढलेले मुकुट नसलेले गणपती, दोरीवर वाळणारी फडकी, रंगाचे डबे, त्या माणसाचं अर्धं आयुष्य त्या बॅकग्राउंडमध्येच आहे. ते ब्लर करून टाकलंस तर उरतो एक मिशीवाला माणूस, तो बँकेत पण काम करत असू शकतो.

व्हायवाला सरांना अमेरिकन फोटोग्राफर आर्नल्ड न्यूमनचं उदाहरण दे. १९४६ साली त्याने संगीतकार स्ट्रॅव्हिन्स्कीचा फोटो काढला, फ्रेमचा बहुतेक भाग पियानोच्या उघड्या झाकणाच्या काळ्या आकाराने व्यापलाय आणि स्ट्रॅव्हिन्स्की खाली कोपऱ्यात छोटासा. ज्या मासिकाने मागवला होता त्यांनीच तो फोटो नाकारला, आणि आज न्यूमन म्हटलं की लोकांना आधी तोच आठवतो. म्हणजे रिजेक्शनमध्ये तू चांगल्या संगतीत आहेस. पण याच्या उलटही करून बघ, दुसरा अमेरिकन फोटोग्राफर आयर्विंग पेनने १९५० मध्ये पॅरिसमध्ये आणि मग लंडन-न्यूयॉर्कला साध्या कष्टकरी लोकांचे फोटो काढले, खाटीक, भट्टीवाले, रस्त्यावरचे विक्रेते, सगळे आपापल्या कामाच्या कपड्यात, हातात आपापली हत्यारं घेऊन, मागे फक्त एक जुना रंगवलेला पडदा आणि दिवसाचा उजेड. तू पण बारातले दोन-तीन तसे काढ. अंगणात भिंतीच्या सावलीला एखादं मातकट रंगाचं पोतं नाहीतर ताडपत्रीची उलटी बाजू लाव, माणसाला त्याच्या कोरणीसह, ब्रशसह, पावडरने माखलेल्या हातांसह त्याच्यापुढे उभं कर. बॅकग्राउंड असलेला आणि बॅकग्राउंड काढून टाकलेला, दोन्ही एकाच माणसाचे शेजारी शेजारी लावलेस ना, तर सर काही बोलू शकणार नाहीत. बोलले तर मला कळव.

ब्लरपेक्षा मोठी गोष्ट वर्गात फारशी शिकवत नाहीत, ती म्हणजे तू किती फुटांवर उभी आहेस. चेहऱ्याचा आकार लेन्स बदलत नाही, अंतर बदलतं. दीड फुटावरून काढलंस तर नाक कानाच्या मानाने साधारण सव्वापट मोठं दिसतं, सहा फुटांवरून तोच फरक सहा-सात टक्क्यांवर येतो. १८ एमएमला नाक भज्यासारखं दिसतं ते लेन्समुळे नाही, १८ ला चेहरा मोठा दिसावा म्हणून तू जवळ जातेस म्हणून. हे स्वतः करून बघ, एकाच जागी उभं राहून १८ आणि ५५ दोन्हीने काढ आणि १८ वाला क्रॉप कर, चेहरा सारखाच येईल. हा एक प्रयोगच जर्नलचं एक पान आहे, आणि चांगलं पान आहे. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे तुझ्या ५० एमएमला ८० सारखं दिसतं, म्हणून पाच-सहा फुटांवरून छाती-डोकं छान बसतं. तेवढं अंतर बोलायला पण बरं असतं, माणूस अवघडत नाही.

रेम्ब्रां. तो सतराव्या शतकातला डच चित्रकार, त्याच्या चित्रांत बाजूने वरून उजेड येतो आणि अंधाऱ्या बाजूच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो, एवढंच. तुला स्टुडिओ लाइट नकोत, कारखान्याचं दार आहे. काकांना दारापासून चार-पाच फूट आत बसव, दार त्यांच्या एका बाजूला तिरकं येऊ दे, आणि दाराच्या खालच्या अर्ध्या भागात काहीतरी उभं कर, पत्रा, पुठ्ठा, गोणी काहीही. कारण खालून येणारा उजेड चेहऱ्याला भुतासारखा करतो, वरून आला तरच नाकाची सावली खाली उतरून त्रिकोण बंद होतो. मग काकांना चेहरा अगदी हळू वळवायला सांग आणि गालावर लक्ष ठेव, त्रिकोण दिसला की थांब. अंधारी बाजू फारच काळी वाटली तर थर्माकोलचा तुकडा लाव, मखरवाल्यांकडे पडलेला असतोच. खरं तर तुला तोही नको, समोरच्या रांगेतल्या पांढऱ्या मूर्तीच रिफ्लेक्टरचं काम करतायत, म्हणून तुझ्या कारखान्यात सावल्या इतक्या मऊ दिसतात, हे तुझ्या लक्षात आलं नसेल पण मला तुझ्या फोटोंत लगेच दिसलं.

आता काका ताठ होतात ते. माझ्या वडिलांचा तालुक्याला स्टुडिओ होता, मागे डोंगर आणि तलाव रंगवलेला पडदा, लाइटच्या दोन छत्र्या, आणि एक यशिका कॅमेरा, एका रोलला बारा फोटो. बाराच, त्यामुळे फुकट घालवायला एकही नाही. गावातनं माणूस यायचा, केसाला पाणी लावून भांग पाडून स्टुलावर बसायचा आणि श्वासच बंद करायचा. बाबा मग फ्लॅशचं टेस्ट बटण दाबायचे, लखकन उजेड पडायचा, शटर उघडायचंच नाही, आणि म्हणायचे "झालं!" तो माणूस खांदे सोडायचा, थोडं हसायचा, "झालं पण?" म्हणून बाबांकडे बघायचा, आणि तेव्हा बाबा खरा फोटो काढायचे. आयुष्यभर हेच केलं त्यांनी आणि गावातल्या कित्येक भिंतींवर हार घातलेले जे फोटो आहेत ते सगळे "झालं पण?" विचारणारे लोक आहेत.

तुझ्याकडे मेमरी कार्ड आहे, तू खोटा क्लिक करायची गरज नाही. काकांना ताठ बसायचंय ना, बसू दे, तो फोटो आधी मन लावून काढ, नीट, सन्मानाने, कारण त्यांना घरी लावायला तोच हवा असतो. पेणच्या बाजारात फोर बाय सिक्स प्रिंट काढून दुसऱ्या दिवशी नेऊन दे. बघ मग काय होतं ते. आणि एक दिवस कॅमेरा बॅगेतच ठेवून नुसती जाऊन बस, साचा कसा उघडतात, पेणजवळच्या हमरापूर-जोह्याकडचे लोक कच्च्या मूर्ती कुठे पाठवतात, रंगकाम कधी सुरू होतं, विचार. छायाचित्रकार सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते एका दुपारी जाऊन काढलेले नाहीत, वर्षानुवर्षं त्या लोकांत जात राहिले, म्हणून त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याला घाबरलेली दिसत नाहीत. तुला वर्षं नाहीत, पण कारखाना शेजारी आहे, ही सोय किती जणांना असते?

पोरं हसतात त्याचं मनावर घेऊ नकोस. होमाई व्यारावाला, जे.जे. स्कूल ऑफ आर्टला शिकलेली आपल्याकडची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार, तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. साडी नेसून खांद्याला एवढा थोरला कॅमेरा लटकवून फिरणारी बाई, लोक तिला गंभीरपणे घ्यायचेच नाहीत, आणि तिने नंतर हसत सांगितलं की त्याचा तिला फायदाच झाला, कुणी अडवायचं नाही. तू पण घे फायदा. हसणारी पोरं म्हणजे न ताठलेली पोरं, काढ त्यांचे फोटो.

एक फोटो मात्र मला तुझ्या जर्नलमध्ये हवाच आहे, आखणीचा. डोळे आखताना कारागिराचा चेहरा आणि मूर्तीचा चेहरा, दोन्ही शार्प यायला हवेत, आणि त्यासाठी समोरून काढू नकोस, बाजूला जा, दोघं तुझ्यापासून सारख्या अंतरावर येतील असं उभं राहा आणि एफ ५.६ ठेव. शटर १/५० झालं तर श्वास रोखून कोपर पोटाला चिकटव. ब्रश टेकलेला असताना बोलू नकोस, पुढे वाकू नकोस, सावली पाडू नकोस, अर्धा मिलिमीटर हात हलला तर बाप्पाचा डोळा बिघडतो आणि मग तुझ्या जर्नलचं काय होईल ते मी सांगायला नको. आणि उलट टेक्निक हवं असेल तर पावडर झटकणाऱ्या पोराला उभं कर, हात चालू डोकं स्थिर, कॅमेरा स्टुलावर ठेवून १/८ ला काढ, चेहरा शार्प आणि हात धुरासारखे. स्प्रेचा फवारा मात्र दाराकडे तोंड करून १/५०० ला, उजेड मागून आला की कण न् कण चमकतो (तिथे ट्यूब बंद, दाराचाच उजेड, नाहीतर परत पट्टे). लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लाव आणि स्वतःच्या तोंडाला मास्क, मामाचा कॅमेरा रंगवून परत देऊ नकोस.

लिहायचं काय ते राहिलं. "एफ १.८ वापरल्याने बॅकग्राउंड ब्लर होऊन फोटो आकर्षक दिसतो" असलं लिहू नकोस, ते सगळ्या वर्गाच्या जर्नलमध्ये असतं आणि तपासणाऱ्याला पाठ असतं. तू असं लिही की १/४०० ला काढला तर पट्टा आला, हा तो बिघडलेला फोटो, मग कारण शोधलं, १/१०० ला काढला, हा दुसरा. बिघडलेला छोटा चिकटव आणि चांगला मोठा. सहा पानं जरी अशी झाली तरी एक्स्टर्नल परीक्षक तुला प्रश्न विचारायच्या ऐवजी गप्पा मारायला लागेल. आणि चारशे फोटोंची काँटॅक्ट शीट (सगळे फोटो छोटे छोटे करून एकत्र छापलेली पानं) जोड, लाल पेनाने कुठला का निवडला ते लिही.

प्रश्न : माझा मुलगा फोटोग्राफीच्या कोर्सला आहे. त्याचा आग्रह आहे की पोर्ट्रेटसाठी फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि महागडी लेन्स घ्यावीच लागेल, नाहीतर तो मागे पडेल. एक वडील म्हणून आपला सल्ला हवा. (नाशिक)

उत्तर : नका घेऊ. म्हणजे आत्ता तरी नका घेऊ. ज्या कॅमेऱ्यावर तो आत्ता शिकतोय त्याला बसणारी ५० एमएम १.८ घ्या, ती सगळ्यात स्वस्तातल्या लेन्समधली एक आहे आणि सेकंडहँडही भरपूर मिळते. सेकंडहँड घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. मुंबई-कोकणातल्या लेन्सना पावसाळ्यात हा रोग फार. घरी पण कॅमेरा त्या चामड्याच्या बॅगेत महिनोन्महिने बंद ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. एक वर्ष त्या एका लेन्सवर काढू द्या, मग तो स्वतःच नेमकं काय हवंय ते सांगेल, आणि बहुतेक वेळा ती फुलफ्रेम नसतेच, एखादा चांगला ट्रायपॉड नाहीतर प्रवासाचे पैसे असतात.

प्रश्न : ताई माझ्याकडे कॅमेराच नाही फक्त मोबाइल आहे, पोर्ट्रेट मोडला केस कापले जातात आणि चष्म्याची काडी गायब होते, मोबाइलवर प्रोजेक्ट केलं तर चालेल का? (सोलापूर)

उत्तर : आधी सरांना विचार, मोबाइल चालतो असं लेखी घे, नाहीतर शेवटच्या दिवशी भांडण. पोर्ट्रेट मोड बंद कर. तो ब्लर लेन्सचा नसतो, फोनने अंदाजाने माणूस कुठे संपतो ते ठरवून मागचं पुसलेलं असतं, म्हणून केस आणि चष्म्यापाशी गोंधळ उडतो. फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते, म्हणून जवळ जाऊन काढलं की नाक मोठं, वर पेणच्या मुलीला सांगितलंय तेच. दोन एक्स झूमवर जा किंवा चार पावलं मागे होऊन नंतर क्रॉप कर. अॅपर्चर बहुतेक फोनमध्ये बदलतच नाही, त्यामुळे ते टेक्निक सोड आणि उजेडावर सगळा जोर लाव. खिडकीपासून एक फूट, चार फूट, आठ फूट, एकाच माणसाचे तीन फोटो, बाकी काही बदलायचं नाही. सोलापूरच्या दुपारी बाहेर काढू नकोस, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात, पोर्चच्या सावलीत कडेला उभं कर.

प्रश्न : माझी आई आठवडी बाजारात भाजी विकते. एका कॉलेजच्या मुलाने तिचा फोटो काढला, विचारलं नाही, आणि तो कॉलेजच्या प्रदर्शनात लावला. खाली नाव लिहिलं होतं "दारिद्र्य". माझ्या चुलतभावाने बघितलं म्हणून आम्हाला कळलं. आईने चाळीस वर्षं त्या जागेवर धंदा करून आम्हा तिघांना शिकवलं. मला एवढा राग आलाय की काय करावं कळत नाही. (सांगली जिल्हा)

उत्तर : दादा, राग यायलाच हवा. मला वाचून आला. त्या विभागाच्या प्रमुखांना पत्र लिहा, फोटो काढून घ्या म्हणावं आणि त्या मुलाला आईंना भेटायला पाठवा म्हणावं, शिक्षा म्हणून नाही, भेटायला. बाजारात गर्दीचा फोटो काढणं वेगळं आणि एका बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून खाली स्वतःच्या मनातला शब्द चिकटवणं वेगळं. त्या मुलाला बहुधा फोटो चांगला आलाही असेल, सुरकुत्या, कडेचा उजेड, सगळं पुस्तकातल्यासारखं. त्याने तिला एक प्रश्न जरी विचारला असता, मावशी भेंडी कशी दिली, तरी तो शब्द त्याच्याच्याने लिहवला नसता. आईंना चालत असेल तर तुम्ही स्वतः त्यांचा एक फोटो काढा, त्या जागेवर, तराजूसकट, सहा फुटांवरून, आणि मला पाठवा. छापायचा की नाही ते आई सांगतील.

आणि पेणच्या मुली, तुझ्यासाठी अजून एक. तुझ्या बाराही फोटोंखाली तू "मूर्तिकार", "कारागीर", "मदतनीस" असं लिहिलंयस. काकांना विचार त्यांचं नाव कसं लिहायचं, आणि त्या कंप्रेसर धरलेल्या पोराचं पण.